कोटाचं पांढरं

दुकानदार त्याला पांढरेशास्त्री म्हणायचे. आडनाव वेगळंच होतं, पण टीव्हीचं चित्र जुळवून देण्याच्या धंद्यात तो इतकी वर्षं पांढऱ्या रंगावर प्रवचनं झोडत आला होता, की खरं आडनाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. पांढरं खरं असेल तर बाकीचे रंग झक मारत खरे येतात, हे त्याचं पालुपद. निळसर पांढरं, हिरवट पांढरं, गुलाबी झाक मारणारं पांढरं, ही सगळी त्याच्या लेखी खोटी नाणी.

त्या दुपारी तो ज्या घरी गेला ते एका निवृत्त डॉक्टरांचं होतं. बायको जाऊन वर्ष झालं होतं. डॉक्टर दिवसभर बसून तिची जुनी रेकॉर्डिंग्ज बघतात म्हणून लेकीने त्यांना भिंतभर टीव्ही आणून दिला होता. आठवडाभरात डॉक्टरांची तक्रार सुरू झाली, की ती ह्यात तिच्यासारखी दिसत नाही. शास्त्रीला फोनही त्यांनीच केला होता.

दार लेकीने उघडलं. तिला हे पटलेलं नव्हतं, आणि तिने ते लपवलंही नाही.

"एवढा महागडा टीव्ही घेतला, आणि त्याला परत वैद्य लागतो?"

"ताई, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," शास्त्री बूट काढत म्हणाला. "यंत्र एक नंबर आहे, वादच नाही. पण दुकानात शंभर ट्यूबलाइटखाली ते उठून दिसायला हवं ना, म्हणून कारखान्यातूनच त्याला निळं पाजून पाठवतात. घरी आल्यावर ते उतरवायला कुणीतरी लागतं."

"हे बटण दाबून होत नाही?"

"निम्मं होतं. हल्लीचे टीव्ही शहाणे झालेत, सिनेमाचा मोड लावला की पुष्कळ सुधारतात. उरलेल्या निम्म्यासाठी मी."

"मग बटणच दाबू या की."

"त्यांना काम करू दे गं," आतून आवाज आला. डॉक्टर खुर्चीत ताठ बसून होते, आणि समोरचा टीव्ही बंद होता.

शास्त्रीने पडदे ओढून खोली काळोखी केली. डबीएवढा मीटर टीव्हीच्या मधोमध लटकवला, लॅपटॉप उघडला. टीव्हीवर एकामागून एक राखाडी चौकोन येऊ लागले, आणि मीटर त्यांच्यात निळं किती, लाल किती, हिरवं किती ते सांगू लागला. ह्या कामात बघण्यासारखं काही नसतं. तरी डॉक्टर सगळा वेळ बघत बसले होते.

शास्त्रीचे दोन नेम होते. पहिला, लॅपटॉप गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवायचा. आकडा आधी त्याने बघायचा, मग आपण. लोकांना त्यातलं काही कळत नाही, पण लपवाछपवी नाही एवढं कळतं. दुसरा नेम म्हणजे शेवटची परीक्षा ओळखीच्या चेहऱ्यावर घ्यायची. मीटर काहीही म्हणो, जो चेहरा तुम्हाला तोंडपाठ आहे तो तुम्हाला फसवत नाही, असं तो सांगायचा. ह्या दुसऱ्या नेमाचा त्याला फार अभिमान होता.

दीडेक तासाने तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आता घरचं काहीतरी लावा. उजेडात घेतलेलं असलं तर उत्तम."

लेकीने पेनड्राइव्ह लावला. डॉक्टरांचा हॉस्पिटलमधला शेवटचा दिवस होता तो. अंगणात लख्ख ऊन पडलेलं. डॉक्टर पांढऱ्या कोटात, आणि त्यांना खेटून त्यांची बायको, हातात फुलांचा गुच्छ घेऊन, कुणाच्या तरी विनोदावर हसत. हे रेकॉर्डिंग घरात शंभरदा तरी बघून झालं असेल.

"आई पिवळी दिसतेय," लेक म्हणाली.

शास्त्री मनातल्या मनात हसला. घरोघरी हेच ऐकायला मिळतं, आणि त्याचं उत्तर तयार होतं. "कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात ना? तशी तुमच्या डोळ्यांना निळी कावीळ झालीय, ताई. निळ्याची सवय लागली की खरं पांढरं पिवळंच वाटतं. दहा मिनिटं नुसतं बघत बसा."

तिघं दहा मिनिटं बघत बसले. तेच अंगण, तेच ऊन, तेच हसणं.

"अजूनही पिवळीच आहे," लेक म्हणाली. "चांगला चाललेला टीव्ही बिघडवलात तुम्ही."

हे शास्त्रीला झोंबलं. तो उठून टीव्हीपाशी गेला आणि त्याने बोट ठेवलं. "हा बाबांचा कोट बघा. पांढरा आहे ना? ना निळा, ना पिवळा. कोट पांढरा आहे म्हणजे चित्रात काही खोट नाही. आता जे पिवळं दिसतंय ते पिवळंच होतं."

बोलून गेला, आणि मग त्याची नजर कोटाच्या बाजूला गेली. कोट आणि चेहरा यांत वीतभरही अंतर नव्हतं. त्याने आयुष्य पांढऱ्यात काढलं होतं, तिच्या डोळ्यांतलं पांढरं पांढरं नव्हतं हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. धनुष्यातून बाण सुटलेला होता.

डॉक्टरांनी चित्र थांबवायला सांगितलं. चष्मा लावून ते टीव्हीच्या इतक्या जवळ गेले, की त्यांच्या तोंडावर तिच्या चेहऱ्याचा उजेड पडला.

"दोन महिन्यांनी निदान झालं," ते म्हणाले. आवाज साधा होता, केस सांगताना असतो तसा. "तेव्हा उशीर झाला होता. मी सगळ्यांना सांगत आलो, काही लक्षणच नव्हतं हो. लक्षण माझ्या कोटाला टेकून उभं होतं."

"बाबा, कॅमेऱ्याचं काहीतरी असेल," लेक म्हणाली, आणि शास्त्रीकडे बघत राहिली. 'हो' म्हणायला एक श्वास पुरला असता. त्याला ते सुचेपर्यंत डॉक्टरच पुन्हा बोलू लागले.

"मी पोरांना शिकवायचो, कावीळ खिडकीपाशी बघायची, दिव्याखाली नाही. दिव्याखाली सगळेच पिवळे. आणि मी उजाडायच्या आत घर सोडायचो, परत यायचो दिवेलागणीनंतर. निवृत्तीनंतरचे ते दोन महिनेही दुसऱ्या दवाखान्यात तसेच गेले. एवढी वर्षं बायकोला बघितलं ते दिव्याखालीच. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा. दिवसाउजेडी ती माझ्या वाट्याला आलीच नाही."

लेक रडू लागली. शास्त्री चाचरत म्हणाला, "साहेब, पहिल्यासारखं करून देतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"नको," डॉक्टर म्हणाले. "आता राहू द्या."

पुढचे आठ दिवस शास्त्रीला कामात चव लागेना. दुसऱ्यांच्या घरी मीटर लावून बसला, की राखाडी चौकोनातून त्याला ते हसणं दिसायचं. माणसांशी बोलताना तो त्यांच्या डोळ्यांतलं पांढरं बघू लागला. एका सकाळी बायकोला खिडकीपाशी नेऊन त्याने तिच्या खालच्या पापण्या बोटाने ओढून बघितल्या.

"तीस वर्षांत कधी एवढं निरखून बघितलं नाहीत," ती म्हणाली. "काय हवंय?"

"काही नाही," तो म्हणाला. तिचं पांढरं स्वच्छ होतं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा बघितलं.

नवव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. टीव्हीचं पांढरं जागचं हललंय का ते तपासायचं होतं. आठ दिवसांत पांढरं हलत नसतं, हे दोघांनाही ठाऊक असावं. तरी तो गेला.

लेकीने दारातच त्याचा हात धरला. "ते जेवत नाहीत नीट. एकेक रेकॉर्डिंग उलटं मागे बघत जातायत, कधी सुरू झालं ते शोधायला. तुमच्या पाया पडते, काका, काहीतरी सांगा त्यांना."

खोलीत पडदे ओढलेलेच होते. डॉक्टरांची दाढी वाढली होती. मांडीवरच्या वहीत तारखा होत्या, काहींपुढे फुली, काहींपुढे टिक.

"बसा, शास्त्री," ते म्हणाले. दुकानात चालणारं ते नाव त्यांच्या कानांवर कसं गेलं, कोण जाणे. "ह्याच्या नंतरची सगळी पिवळी आहेत. आधीची सगळी पांढरी. अडलंय ते ह्या एकापाशी. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या दिवसाच्या दीड महिना आधीचं आहे. तेव्हा कळलं असतं तर ऑपरेशन झालं असतं. मी रोज बघतोय, रोज उत्तर बदलतंय. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा उरलेला नाही. तुमचं मशीन लावा."

थांबलेल्या चित्रात ती खिडकीत कुंड्यांना पाणी घालत होती. चांगली दहा-अकराची उन्हं. मागे पांढरा पडदा.

"हे कुणी काढलंय?" शास्त्रीने विचारलं.

"मी. नवा फोन आला होता, त्याचा कॅमेरा करून बघत होतो. सुट्टीचा दिवस." डॉक्टरांनी चष्मा काढला. "दिवसाउजेडी बघितलं नाही म्हणालो ना तुम्हाला? एवढा एक दिवस बघितलं होतं. तेव्हा ती पांढरी असेल तर मी सुटलो."

शास्त्रीने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. शेवटी टीव्हीभर एक डोळा उरला आणि कोपऱ्यात पडद्याची एक चुणी. आधी त्याने मीटर चुणीवर ठेवला. आकडा पांढऱ्याचा आला. मग डोळ्यावर ठेवला. अगदी हलक्या हाताने, दुखेल की काय असा.

आकडा आला. संशयाला जागा ठेवणारा आकडा नव्हता तो.

"पांढरं आहे," शास्त्री म्हणाला.

उभ्या जन्मात पांढऱ्याविषयी तो पहिल्यांदा खोटं बोलला. बोलल्यावर त्याला हलकंही वाटलं, खरं सांगायचं तर. दारात उभ्या लेकीने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी वही मिटली. मग म्हणाले, "त्या दिवशी लॅपटॉप माझ्याकडे वळवला होतात. आज तुमच्याकडे आहे."

शास्त्रीने खाली बघितलं. लॅपटॉप कधी फिरवला ते त्याचं त्यालाच आठवेना. तो वळवायला गेला, पण हात झाकणावरून हलला नाही.

"राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "वाईट रिपोर्ट मीही असाच धरायचो. मला वाटायचं, पेशंटच्या बायकोला दिसलंच नाही. दिसायचं हो सगळ्यांना."

शास्त्री उठला आणि त्याने मीटर उचलला. त्याच्याखालून तो डोळा पुन्हा उघडा झाला, भिंतीएवढा, पिवळसर, हसरा. डॉक्टरांनी रिमोट घेऊन चित्र लहान केलं आणि बटण दाबलं. झारीतून पाणी पडू लागलं. तिने मान वर केली.

"पुरे झालं ते," ती म्हणाली. "ठेवा बघू तो फोन खाली. अहो, जरा माझ्याकडे बघा की."