बॉनेटवरचा हार

मित्रांनो, मी एक जुनी, दुधी रंगाची मोटारगाडी आहे. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात, माझ्या चकाकत्या बंपरमध्ये बघून केस सारखे करतात आणि म्हणतात, "काय ठेवलीय गाडी!" ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगते.

माझा जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला. कल्याणच्या एका डॉक्टरांनी मला घेतलं आणि पोटच्या पोरीसारखं जपलं. ते गेल्यावर मी अडगळ झाले. आंबिवलीला एका चिंचेखाली वर्षानुवर्षं पडून राहिले. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तेवढीच सोबत.

तिथून भावेशने मला उचललं आणि ठाण्याला, वर्तकनगरमध्ये आणलं. भावेश कोळ्याचा मुलगा, हाताचा कसबी आणि स्वभावाने लाघवी. त्याने मला नवा जन्म दिला. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा एक गट आहे, त्यात तो सामील झाला. आमचे सुटे भाग आता बाजारात सहज मिळत नाहीत, म्हणून हे लोक एकमेकांना आपल्या गाडीचा भाग काढून देतात. अडल्याला नाही म्हणायचं नाही, अशी त्यांची रीत.

मग भावेशचं दिपिकाशी लग्न झालं. ठाकुर्लीच्या खाडीजवळच्या माहेरातून मीच तिला सासरी आणलं. निघताना तिची धाकटी बहीण दक्षता माझ्या खिडकीला लोंबकळून म्हणाली, "भाओजी, माज्या लग्नाला पन हीच गारी हां!" भावेशने तिला तिथल्या तिथे शब्द दिला.

सुरुवातीला दिपिकाचाही माझ्यावर जीव होता. भावेश माझ्या पोटात डोकं खुपसून बसला की ती बॅटरीचा उजेड धरायची, पाने द्यायची, कुठला भाग कशाचा ते विचारायची. पुढे मात्र प्रत्येक रविवार गटाचा झाला. लग्नाच्या एका वाढदिवशी तो मला घेऊन नाशिकच्या प्रदर्शनाला गेला. तिने हौसेने केलेली कोलंबीची खिचडी शेजाऱ्यांनी खाल्ली. गटात भावेशचं नाव होतं, तो कुणालाच नाही म्हणत नाही. खरंच होतं ते. सगळे नकार तो घरी वापरायचा.

अखेर दक्षताचं लग्न ठरलं. "बाकी कशाला काही बोलले नाय मी," दिपिका त्याला म्हणाली. "पण एवढं एक नीट कर. माहेरी सगळ्यांना सांगून बसलीय मी."

हळदीच्या दिवशीच आम्ही ठाकुर्लीला पोचलो. दुसऱ्या दिवशी दुपारी नवरीला कल्याणच्या हॉलवर न्यायचं होतं. दिपिकाने स्वतः झेंडूचा जाड हार माझ्या बॉनेटवर बांधला. मी फुलून गेले होते हो!

लग्नाच्या दिवशी सकाळीच मेलरॉयचा फोन आला. मेलरॉय गटातला भावेशचा जिगरी दोस्त. प्रदर्शनाला निघालेली त्याची गाडी डोंबिवलीत बंद पडली होती, तिचा रोटर फुटला होता. रोटर म्हणजे लिंबाएवढा एक भाग, पण तो नसेल तर इंजिनात ठिणगीच पडत नाही. भावेशने हळूच माझा रोटर काढला आणि त्याला नेऊन दिला. प्रदर्शन आटोपून मेलरॉय जेवायच्या आधी तो परत आणेल, असा त्याचा हिशेब. घरात कुणाला सांगितलं नाही.

दुपार झाली. मेलरॉय फोन उचलेना. वाजंत्री सुरू झाली, नटलेली दक्षता माझ्यात येऊन बसली. आता तरी त्याने खरं सांगावं, असं मला वाटत होतं. त्याने किल्ली फिरवली. मी नुसतीच घरघरले.

आणि मित्रांनो, भावेश खाली उतरला, बॉनेट उघडून काहीतरी शोधल्यासारखं करू लागला. मग म्हणाला, "जरा धक्का मारून बघूया."

ठिणगीच नसलेल्या गाडीला धक्का मारून काय होणार? त्याला ठाऊक होतं. तरी त्याने लोकांना ढकलू दिलं. दिपिकाचे वडील गुणाजी नव्या पांढऱ्या कपड्यांत सगळ्यांच्या पुढे होते. पाय घसरून ते चिखलात गुडघ्यावर पडले. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

दिपिकाने वडिलांना उठवलं. मग बॉनेटखाली वाकून तिने रोटरच्या डबीचं झाकण काढलं आणि पाहिलं.

"रोटर कुठाय?"

"मेलरॉयला दिला," भावेश पुटपुटला. "येईलच तो आता..."

"आणि बाबांना धक्का मारायला लावलास?"

तो बॉनेट मिटू लागला. गुणाजीच म्हणाले, "जाऊ दे गो पोरी. टेंपो हाय ना आपला."

मासळीचा टेंपो धुऊन आणला. दिपिकाने माझा हार सोडला आणि टेंपोला बांधला. दक्षता डोळे पुसत पुढे बसली. भावेश मागे चढू लागला, तेव्हा दिपिका म्हणाली, "तू बस तुझ्या गाडीत."

संध्याकाळी मेलरॉय आला, तेव्हा आम्ही दोघं तिथेच होतो. ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "अरे, लग्न आज होतं? सांगायचं ना रे! मी दुसरीकडून बघितला असता." एवढं साधं होतं सगळं.

भावेश रोटर खिशात घालून हॉलवर गेला आणि त्याने तो दिपिकाच्या हातावर ठेवला. तेव्हापासून रोटर तिच्याकडेच असतो.

परवा ती एकटीच खाली आली. तिने रोटर बसवला आणि मला घेऊन ठाकुर्लीला गेली. गुणाजींचा गुडघा अजून धरतो, त्यांना डॉक्टरकडे न्यायचं होतं. मला वाटलं, आता थोडं तरी पुण्य पदरात पडेल. पण दार उघडल्यावर त्या म्हाताऱ्याने बसण्याआधी चपला काढल्या, झटकल्या आणि मांडीवर घेतल्या.

"पायात राहू दे ना बाबा," दिपिका म्हणाली.

"नको गो. जावयाची गारी हाय, खराब होल."

दिपिकाने तोंड फिरवलं. मी रस्ताभर आवाजही होऊ नये अशी चालले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. आम्हाला पुसा, तेलपाणी करा. पण आपल्याच माणसाला चपला हातात घेऊन बसावं लागेल, इतकं कुणी आम्हाला जपू नका.