शेऱ्याचा रकाना

पितामहांनी जन्मात एक कागद फेकला नाही. सगळं जग त्यांना संगणकाचे पितामह म्हणून ओळखतं. मी त्यांना एकशे चौदा खोक्यांवरून ओळखते. दोन वर्षं अभिलेखागाराच्या तळघरात बसून मी त्यांचे कागद लावले. त्यांत दाताच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या, सहकाऱ्यांविरुद्ध केलेल्या तक्रारींच्या कार्बन प्रती होत्या आणि स्वतःच्या सत्काराची कात्रणं तर प्रत्येकी तीन-तीन. एवढा थोर माणूस इतका कोत्या मनाचा असू शकतो, हे मी रोज नऊ ते पाच पगार घेऊन शिकले.

आमचे संचालक त्यांच्याही वरताण. दोन वर्षांत त्यांनी एकच खोकं उघडलं, तेही फोटोसाठी, पांढरे हातमोजे घालून. खोकं रिकामं होतं, पण फोटो छान आला.

शुक्रवारी पितामहांच्या कागदांचं प्रदर्शन उघडणार होतं. मधल्या कपाटात त्यांचा पहिला मोठा प्रोग्राम ठेवायचा होता, आणि वर संचालकांनी स्वतः लिहिलेला मजकूर: बागेत फिरताना पितामहांना सात ओळी सुचल्या आणि अडलेलं यंत्र चालू लागलं. त्याआधीच्या मंगळवारी संचालकांच्या खोलीत आम्ही तो मजकूर तपासत होतो, तेवढ्यात एक बाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, हातात कापडी पिशवी.

"मी त्यांच्याकडे कार्डं पंच करायला होते," त्या म्हणाल्या. "ते प्रोग्राम हातानं लिहायचे, मी तो कार्डांवर उतरवायचे. हा प्रोग्राम दोन महिने एकाच जागी गरगरत होता. मोजणी कुठे थांबवायची तेच चुकलं होतं. मी छापील प्रतीवर लाल पेन्सिलीनं सात ओळी लिहिल्या आणि ती त्यांच्या टेबलावर ठेवली. परवा पेपरात वाचलं, त्या ओळी बागेत सुचल्या म्हणे. त्या इमारतीला बाग नव्हती."

संचालकांनी हसून खुर्ची पुढे केली. "आजी, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले होते. तेव्हाच्या साहेबांनीही असंच हसून बसायला खुर्ची दिली होती."

"तुमचं म्हणणं काय आहे?"

"त्या ओळींखाली माझं नाव लावा. बाकी काही नको."

"कागद दाखवा, नाव लावतो," संचालक म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "गुरुवारपर्यंत बघा जरा, मॅडम."

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पितामह कागद फेकत नाहीत, म्हणजे चोरीचा मालही त्यांनी जपून ठेवलेला असणार. त्यांना तोंडघशी पाडायची संधी मी सोडणार नव्हते. खाली जाऊन त्या प्रोग्रामचं, एकसष्ट नंबरचं खोकं काढलं. आत एकच प्रत होती, कोरी करकरीत. एकोणिसाव्या पानावर त्या सात ओळी व्यवस्थित छापलेल्या. लाल पेन्सिलीचा मागमूस नाही.

मी पितामहांना शिव्यांची लाखोली वाहिली. लेकाच्यानं बरोबर तेवढा एकच कागद नाहीसा केला. मग लक्षात आलं. या सगळ्या गोष्टीत कागद फेकणारं माणूस एकच होतं. ती मी.

आमच्याकडे दुबार प्रती ठेवत नाहीत. जागा नाही. दोन प्रतींचं पहिलं पान जुळलं, शेवटचं पान जुळलं, पानांची संख्या जुळली, की स्वच्छ प्रत ठेवायची आणि दुसरी यंत्रात घालून तिचा भुगा करायचा. मधली पानं कोण वाचतं? बाद केलेल्या कागदाची रजिस्टरमध्ये नोंद होते आणि शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तो कोणी वाचत नाही, म्हणून कंटाळा आला की मी त्यात टवाळी करते.

नोंद चौदा महिन्यांपूर्वीची होती. अक्षर माझं: 'खोकं ६१. प्रोग्रामची दुसरी प्रत. चहाचा डाग. पान १९ वर लाल पेन्सिलीनं बायकी अक्षरात सात ओळी. टायपिस्टची लुडबुड. बाद.' खाली सही.

लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. बाईंच्या बाजूनं जगात एवढा एकच पुरावा उरला होता, आणि तो म्हणजे मी त्यांना दिलेली शिवी.

गुरुवारी रजिस्टर संचालकांपुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"नाव लावू," ते म्हणाले. "पण रजिस्टर दाखवायची गरज नाही. 'मूळ प्रत उपलब्ध नाही' एवढंच लिहा."

"उपलब्ध का नाही, हेही लिहायला हवं. आणि रजिस्टर काचेत ठेवायचं. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारीची दया आली म्हणून नाव लावलं."

"तुमची सही दिसेल."

"दिसू दे."

"तुमचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय ना?" दोन वर्षांत त्यांना माझ्याबद्दल पहिल्यांदाच काहीतरी आठवलं.

शुक्रवारी बागेची ओळ गेली, बाईंचं नाव आलं. संचालकांनी भाषणात या शोधाचं श्रेय संस्थेच्या काटेकोर नोंदींना दिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई गर्दी पांगल्यावर काचेपाशी आल्या. आधी त्यांनी स्वतःचं नाव वाचलं. मग चष्मा सारखा करून रजिस्टरवर वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच होत्या.

"ही सही कोणाची?"

"माझी."

"फेकण्याआधी त्या ओळी वाचल्या होत्या तुम्ही?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणाले. "फक्त अक्षर पाहिलं."

बाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"त्यांनी निदान वाचल्या होत्या," त्या म्हणाल्या आणि जिन्याकडे निघाल्या.