वगळलेली: एक

सकाळी सात वाजता, झाडणारी बाई अजून वरच्या मजल्यावर असतानाच, तो तळघरातल्या थंडगार खोलीचं कुलूप काढायचा, आणि गेली एकोणीस वर्षं त्याचं पहिलं काम एकच होतं: रात्रभर चाललेल्या यंत्राच्या तोंडातून कालची टेप काढायची आणि आजची घालायची. संस्था जुन्या पत्रांची होती. वरच्या तीन मजल्यांवर बसून माणसं दिवसभर जे काही लिहायची ते सगळं तळघरातल्या सर्व्हरवर साठायचं, आणि उद्या सर्व्हरच बसला तर काय, या भीतीपोटी रोज रात्री त्याची नक्कल टेपवर उतरायची. टेप तळहाताएवढी, काळी, चौकोनी. पाठीवर त्याच्या वळणदार अक्षरात वार लिहिलेला. मंगळवार जरा हट्टी आहे, गुरुवार शहाणा, असं तो मनातल्या मनात म्हणायचा. ज्यांनी जन्मात कॅसेट पाहिली नव्हती अशी वरची नवी मंडळी त्याला कॅसेटकाका म्हणायची आणि त्यालाही ते आवडायचं.

टेप बदलली की पडद्यावर तीन आकडे दिसायचे. एकूण फाइली, उतरवलेल्या फाइली, वगळलेल्या फाइली. ते तो लांबड्या नोंदवहीत लिहून घ्यायचा, शेऱ्याच्या रकान्यात ‘ठीक’ असं लिहायचा आणि सही ठोकायचा. मग चहा.

वगळलेली म्हणजे काय, हे त्याच्याइतकं संस्थेत कुणालाच ठाऊक नव्हतं. फाइल कुणी उघडी टाकून घरी गेलं, तर यंत्र तिला हात लावत नाही; बाजूने निघून जातं. फाइल मिटलेली असली तरच तिची नक्कल होते.

आणि एक फाइल रोज उघडी असायची. दुसऱ्या मजल्यावर सूचीबाई बसायच्या. चाळीस हजार पत्रांची सूची त्या एकटीने करत होत्या: कुणी कुणाला लिहिलं, कधी, कशाबद्दल, कागदाला वाळवी कुठे लागलीय. ती फाइल इतकी जड झाली होती की उघडायला सात-आठ मिनिटं लागायची, म्हणून बाई संध्याकाळी ती मिटायच्याच नाहीत. नुसता पडदा बंद करायच्या, हिरव्या शाईचं पेन टोपण लावून खणात ठेवायच्या आणि घरी जायच्या. आणि सकाळी तळघरात तो लिहायचा: वगळलेली, एक. शेरा, ठीक. जिना चढून दुसऱ्या मजल्यावर जायचं आणि ‘बाई, जाताना तेवढी फाइल मिटत जा’ असं म्हणायचं, एवढंच काम होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता तीन वर्षं गेली, आणि एका मंगळवारी सर्व्हर बसला.

इतर सगळ्यांचं काम दुपारपर्यंत परत आलं. बाईंचं आलं ते तीन वर्षांपूर्वीचं.

संचालकांच्या खोलीत ते तिघंच होते. संचालकांनी आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “यांची फाइल उघडी राहते हे तुम्हाला दिसत होतं ना? मग यांना सांगितलं नाही का?”

“सांगितलं होतं,” तो म्हणाला. आणि ते अपुरं वाटलं म्हणून पुढे म्हणाला, “तीनदा सांगितलं होतं.”

तीनदा का, हा प्रश्न त्याने पुढे स्वतःला कितीतरी वेळा विचारला. एकदा म्हटलं असतं तर सहज म्हटल्यासारखं झालं असतं, दोनदाला वजन नव्हतं. तीनदा म्हणताच खोलीतली हवा बदलली आणि संचालक बाईंकडे वळले. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. त्या आता आपल्याला खोटं पाडणार, असंच तो धरून चालला होता. पण बाईंनी मनातल्या मनात काहीतरी शोधलं, ते सापडलं नाही, आणि त्या अगदी सौजन्याने म्हणाल्या, “सांगितलं असेल. माझ्याच लक्षात राहिलं नसेल.”

त्याने तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. बाहेर आल्यावर त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज मात्र रात्री जेवताना वाटायला लागली ती कायमची. कारण बाईंनी त्याच्यावर विश्वास ठेवला होता आणि स्वतःवरचा काढून घेतला होता. त्या सगळं वहीत टिपून घ्यायला लागल्या. लिफ्टमध्ये कुणी काही बोललं तरी थांबून लिहायच्या. लोक आधी गमतीने आणि मग हळूच म्हणायला लागले की बाई विसरतात हल्ली. चार महिन्यांत त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी त्या तळघरात उतरून त्याला मुद्दाम भेटल्या आणि म्हणाल्या, “तुम्हाला फार त्रास झाला माझ्यामुळे.” तो नको नको म्हणाला. तेवढंच म्हणाला.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. नवा सर्व्हर आला, आणि त्यावर संध्याकाळी आठला प्रत्येक फाइल आपोआप मिटण्याची सोय झाली. उघडी टाकायची म्हटली तरी टाकता येईना. वगळलेल्या फाइलींच्या रकान्यात दोन वर्षं शून्य आणि शून्यच येत राहिलं. ते शून्य लिहिताना त्याला रोज बाई आठवायच्या.

मग एका बुधवारी सकाळी पडद्यावर आलं: वगळलेली, एक.

अशा वेळी खाली फाइलीचं नाव येतं. नावाची जागा कोरी होती, कारण मात्र दिलेलं होतं: फाइल उघडी होती. त्याने दोनदा पाहिलं. सर्व्हरवरच्या फाइली मोजल्या, टेपवरच्या मोजल्या. दोन्हीकडचा आकडा एकच. म्हणजे सगळं उतरलं होतं आणि तरीही एक राहिली होती. त्याने नोंद केली, हात सवयीने ‘ठीक’ लिहून मोकळा झाला, आणि सही करताना लक्षात आलं की खिशातून काढलेलं पेन आपलं नाही. हिरव्या शाईचं होतं. वर कुणाचं तरी चुकून उचललं असेल म्हणून त्याने ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि सही आपल्या पेनाने केली.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झालं. या वेळी त्याने कंपनीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्या भल्या माणसाने अर्धा दिवस घालवला, यंत्राचं डोकं साफ केलं, आणि जाताना म्हणाला, “काका, यंत्रात काही नाही. तुमचीच झोप नीट होत नसेल.” दोघेही हसले. त्या दिवशीही त्याच्या खिशात हिरवं पेन निघालं होतं, हे त्याने मेकॅनिकला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय.

घरी त्याच आठवड्यात मुलीने बॅग भरायला काढली. दुसऱ्या गावी नोकरी लागली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं. तो दारात उभा राहून बघतच राहिला.

“मला कुणी काही बोललं नाही,” तो म्हणाला.

“बाबा, तुला मी सांगितलंय,” ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. “तीनदा. शेवटचं मंगळवारी, तू बाहेरून आलास तेव्हा. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि रडलास. मला किती बरं वाटलं होतं.”

त्याने आठवून पाहिलं. मंगळवारची संध्याकाळ हाताशी येईना. ऑफिसातून निघाल्याचं आठवत होतं, आणि त्यानंतर थेट बुधवारची सकाळ, थंडगार खोली, किल्ल्यांचा जुडगा. मुलीचा चेहरा उतरायला लागलेला पाहून त्याने घाईने सावरून घेतलं. “सांगितलं असशील,” तो म्हणाला, “माझ्याच लक्षात राहिलं नसेल.”

बोलून गेल्यावर ते वाक्य कुणाचं होतं हे त्याला कळलं, आणि तो भिंतीला टेकून तसाच उभा राहिला.

त्या रात्री त्याने बायकोला, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की मंगळवारी मी किती वाजता आलो.

“साडेआठला. चालत आलात. पायांवर नदीकाठची धूळ होती,” ती म्हणाली. “मी म्हटलं कुठे होतात, तर म्हणालात, एक ओझं उतरवून आलो. चांगले दोन घास जास्त जेवलात. सकाळी बघते तर पुन्हा तोंड तसंच.”

तिसऱ्यांदा वगळलेली एक आली आणि तिसरं पेन ड्रॉवरमध्ये गेलं, तेव्हा त्याला वाटलं की आपल्याला वेड लागण्याआधी एवढं एक काम उरकायला हवं. बाईंकडे जायचं. खरं काय ते सांगायचं. मी एकदाही सांगितलं नव्हतं, तुमची आठवण धडधाकट होती, खोटा मी होतो. मग त्या तोंडावर दार लावोत की काही करोत. हे तो दोन वर्षं ठरवत होता आणि बाईंच्या गल्लीच्या तोंडाशीही कधी गेला नव्हता. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी मात्र तो निघाला. नदीवरचा पूल ओलांडला, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या बाजूचा अरुंद जिना चढला, आणि बेल वाजवण्याआधी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. जिन्यातली चौथी पायरी मोडकी होती. ती त्याच्या पायाने न बघता चुकवली होती, हे वर पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

बाई थकल्या होत्या, पण चष्म्यामागचे डोळे तसेच होते. “या,” त्या म्हणाल्या, आणि कोण, काय असं काहीच न विचारता आत जाऊन चहा घेऊन आल्या. “तुमच्यात साखर नाही घातली.”

तो साखर घेत नाही हे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण आता थांबलो तर जन्मात बोलणं होणार नाही, म्हणून त्याने कपाला हातही न लावता सगळं एका दमात सांगून टाकलं. शब्द मागेपुढे झाले, पण सांगितलं. मान वर करायची हिंमत मात्र झाली नाही. टेबलावरच्या कापडावर चहाचा एक जुना गोल डाग होता, त्याच्याकडे बघत तो म्हणाला, “बाई, माफ करा म्हणायलाही तोंड नाही मला.”

बाईंनी आपला कप खाली ठेवला.

“अहो,” मग त्या हळूच म्हणाल्या, “हे तुम्ही मला सांगितलंय की. तीनदा.”

त्यांनी शेजारच्या कपाटातून वही काढली. “त्या बैठकीनंतर मी हे सुरू केलं. कोण काय सांगून गेलं ते लिहायचं, आणि खाली त्याची सही घ्यायची. माझ्या लक्षात राहत नाही असं ठरलंय ना.” त्या हसल्या, त्या हसण्यात जराही टोमणा नव्हता. वहीचं पान त्यांनी त्याच्यापुढे सरकवलं. तीन तारखा होत्या, तिन्ही मंगळवारच्या. प्रत्येक तारखेपुढे बाईंच्या बारीक अक्षरात त्याने आत्ता सांगितलं ते सगळं, जवळपास त्याच शब्दांत. आणि प्रत्येकाखाली हिरव्या शाईत त्याची सही. सहीच्या आधी त्याच्याच वळणदार अक्षरात ‘ठीक’.

“मी माफी मागितली होती?” त्याने विचारलं.

“तिन्ही वेळा.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“उत्तर दिलं होतं मी. तुमच्याच लक्षात राहिलं नसेल.”

खाली दुकानात कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. ते थांबेपर्यंत तो थांबला. “पुन्हा एकदा सांगाल?” तो म्हणाला. “या वेळी मी विसरणार नाही. तेवढंच ऐकायला आलोय, बाई.”

“सांगते,” बाई म्हणाल्या. “आधी सही करा.”

त्यांनी नवी तारीख घातली, सगळं लिहून काढलं, मग पेनचं टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं. त्याने सही केली. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, आणि त्याच्याकडे सरळ पाहत उत्तर दिलं.

सकाळी सात वाजता त्याने तळघरातल्या खोलीचं कुलूप काढलं. मंगळवारची टेप काढली, बुधवारची घातली. पडद्यावरचे तीन आकडे वहीत उतरवले, वगळलेली, एक. शेरा, ठीक. सहीसाठी खिशात हात घातला तर हिरव्या शाईचं पेन निघालं. कुणाचं तरी आलेलं दिसतंय, असं म्हणत त्याने ड्रॉवर उघडला आणि आतल्या तीन पेनांच्या शेजारी ते नीट लावून ठेवलं.

मग तो चहाला न जाता तिथेच जरा वेळ बसून राहिला. काल संध्याकाळी बाईंकडे जायचं अगदी पक्कं ठरवलं होतं, आणि तेही राहूनच गेलं, याची त्याला मनापासून लाज वाटली.