चार बोटांची शेपटी

बायको गेल्याचं फोरमनला हॉस्पिटलात कळलं, त्याच दुपारी विमान कंपनीने त्याला तिथे फोन करून विचारलं, दोनपैकी कोणतं जेट घ्यायचं.

देशाचं पहिलंच जेट. समिती सहा महिने भांडत होती. एकाला वेग हवा, दुसऱ्याला रुंद खुर्च्या. चेअरमनना एका विमानाचं नाकच आवडेना, मेव्हण्यासारखं दिसतं म्हणे. शेवटी ठरलं, आपल्या हँगरच्या दारातून जे आत जाईल ते घ्यायचं.

दाराची उंची फोरमनला पाठ होती. दोन्ही विमानांची माहितीपुस्तकं पिशवीत होती. त्याने शेपटीची उंची पाहिली, डोळे पुसले आणि सांगितलं, "ठेंगणं घ्या. चार बोटं सुटतील."

वर्षाने विमान आलं. हारतुरे झाले. मग ते हँगरकडे ढकललं, तर शेपटी दारापेक्षा चार बोटं वर!

"फोरमन, शेपटी बाहेर ठेवून दार लावायचं का?" चेअरमन कडाडले. "संध्याकाळपर्यंत आत गेलं नाही, तर तुमची नोकरी गेली म्हणून समजा."

फोरमनने पुस्तक पुन्हा उघडलं. खाली बारीक अक्षरांत ओळ होती: उंची प्रवासी भरलेल्या विमानाची. रिकामं विमान चाकांवर उंच उभं राहतं. त्या दुपारी ही ओळ त्याला दिसलीच नव्हती.

"माणसं भरा," तो म्हणाला. "जाडजूड ती मागे."

सगळं ऑफिस चढलं. माणसं कमी पडली, म्हणून घरची मंडळी बोलावली. मागे बसवलं म्हणून कॅशियर रुसला. चेअरमनच्या सासूबाई मात्र शेवटच्या रांगेत ऐटीत बसल्या आणि विचारू लागल्या, "उडणार कधी?"

फोरमनची मेहुणीही आली. "भावोजी, ताईने खिडकीची जागा सोडली नसती."

"तिचा काय उपयोग? चाळीस किलोची तर होती," फोरमन म्हणाला, आणि उगाच एक टायर तपासत बसला.

तरीही एक बोट कमीच पडत होतं. सगळ्यांनी चेअरमनकडे पाहिलं.

"मी?" ते म्हणाले.

"जावईबापू, या की," सासूबाईंनी शेजारची खुर्ची थोपटली.

ते बसले. ट्रॅक्टरने ढकललं आणि विमान आत गेलं. फोरमनची नोकरी राहिली.

तेव्हापासून विमान आत-बाहेर करायचं म्हटलं की सगळं ऑफिस त्यात जाऊन बसतं. दार उंच करायचं अजून राहिलंय. बायकोचं कपाटही आवरायचं राहिलंय.