सरांच्या कोपऱ्यातला दांडा

मी दांडा बोलतोय. जरा लांबूनच ऐका, माझी सवय वाईट आहे.

सुरतेत गोडादऱ्याच्या एका लूम कारखान्यात, सुकं, चिवट लाकूड तासून मला घडवलं. काम एकच, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला हाणायचं. मी हाणलं की तो पळे आणि कापड होई. मारल्याशिवाय जगात काही हलत नाही, हे मी तिथेच शिकलो.

लूम भंगारात निघाली, तेव्हा तिथले कामगार हिलाल मला मराठी शाळेत घेऊन आले. त्यांची सुषमा सहावीत होती. "हाडं आमनी, कातडं तुमनं," असं हसत म्हणून त्यांनी मला मारुती सरांच्या हातात दिलं. पोरगी शिकावी, एवढीच त्या खानदेशी बापाची इच्छा.

सरांचा नियम होता, दांड्याला कुणी हात लावायचा नाही. वर्गातल्या गोपालने एकदा मला गमतीने उचललं. त्याची बोटं मी अशी सुजवली की त्याला घास धरता येईना. खोटं कशाला बोलू, मजा आली.

एकदा सरांनी सुषमाला पाण्याची बाटली भरायला पाठवलं. व्हरांड्यातला पाण्याचा कूलर करंट मारतो, असं ती म्हणाली. बहाणे करते म्हणून सरांनी माझ्याकडून तिच्या पोटऱ्या फोडून काढल्या. दुसऱ्या दिवशी बाटली दिली, तर ती मुकाट्याने गेली. तिला करंटपेक्षा माझी भीती जास्त होती.

ती कूलरला चिकटली. सर ऑफिसात होते. अशा माणसाला सुक्या लाकडाने हाणून सोडवायचं, हे लूमवाल्यांच्या घरातलं शेंबडं पोरही जाणतं. तिची मैत्रीण मनीषा माझ्याकडे धावली. तिचा हात वीतभर अंतरावर आला आणि थांबला. दुसऱ्या कुणाचा हात पुढे आलाच नाही. ओरडा ऐकून सर वर्गात आले, मला घेऊन धावले, तोवर सुषमा गेली होती.

हिलाल वर्गात आले ते ओरडले नाहीत. मनीषाला म्हणाले, "दांडा जवळच व्हता ना, मंग का नही मारा, बेटी?"

"काका, तो सरांचा होता. हात लावला असता तर मार बसला असता."

हिलालनी सुषमाचं दप्तर उचललं आणि माझ्याकडे न बघता ते निघाले.

आता कूलर नवा आहे, सरही नवे आहेत. मी मात्र अजून इथेच, कोपऱ्यात. मुलांनो, माझ्याकडून दयेची आशा धरू नका. तुमच्यातल्या एकाने तरी उठावं, मला उचलावं आणि चुलीत घालावं.

कुणी उठत नाही. सगळ्यांची हाताची घडी, तोंडावर बोट.