पाटीमागचं घरटं

चूक विनिफ्रेडबाईंची. आधी तेच सांगून टाकतो, नाहीतर उद्या कोणी वाऱ्याला नाहीतर कोल्ह्याला दोष देईल.

मी चिखल्या पक्षी. गळ्यात काळा पट्टा, नारिंगी पाय, मूठभर जीव. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गोट्यांत जन्मलो. अंगावरची लव गेली नव्हती तेव्हापासून थोरले काका शिकवायचे. शत्रू आला की पंख मोडल्यासारखा ओढत पळायचं, तो मागे येतो, अंडी वाचतात. मी ती शिकवणी अर्ध्यात सोडली. सगळ्या म्हाताऱ्यांकडे मिळून एकच युक्ती, आणि तीही लंगडण्याची.

या वसंतात बायकोनं गोट्यांतच चार अंडी घातली. अंडीही गोट्यांसारखीच ठिपक्यांची. माणसं कुत्री घेऊन शेजारून जायची, कोणाला पत्ता नव्हता.

मग ती अंडी पक्षीमित्र मंडळाच्या अध्यक्ष विनिफ्रेडबाईंना दिसली. बाईंनी भोवती दोरी बांधली, पाटी लावली: ‘इथे घरटं आहे. कृपया त्रास देऊ नये.’ पाटी वाचायला लोक थांबू लागले. रविवारी रांग लागली. या देशात माणूस आधी रांगेत उभा राहतो, मग ती कशाची आहे ते विचारतो.

“एकेकानं दुर्बिणीतून बघा. आणि हळू बोला, घाबरतो तो,” बाई म्हणाल्या.

“सॉरी हं, बाळा,” टोपीवाली एक बाई मला म्हणाली.

“पण हा अंड्यांवर बसत का नाही?” तिच्या नवऱ्यानं विचारलं.

“लाजत असेल.”

“मग आपण निघू या का?”

“आता? नंबर आलाय आपला.”

माणसं समोर असताना आम्ही अंड्यांवर बसत नाही. बसणं म्हणजे जागा दाखवून देणं. समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता आणि अंडी उघडी होती. बायको पाण्याच्या कडेनं येरझारा घालत होती.

थोरले काका आले. “पंख ओढ.”

“काका, हा कोल्हा नाही. ही रांग आहे.”

“येत नाही म्हणून सांग की सरळ.”

ते लागलं. मी पंख ओढला, आणि चांगला ओढला. रांगेतलं एक पाऊल हललं नाही. जागा गेली असती ना. विनिफ्रेडबाईंना मात्र पाझर फुटला. “अगं बाई, पंख मोडलाय बिचाऱ्याचा.” त्यांनी फोन केला. मंडळातले आणखी म्हातारे टोपली, टॉवेल आणि चहाचा थर्मास घेऊन धावत आले.

“ओ, मागून या. आम्ही सकाळपासून उभे आहोत,” रांगेतून कोणीतरी म्हणालं.

मला वाचवायला आलेले निमूट रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी पाऊस आला तेव्हा सगळे पांगले. “किती शिस्तीत झालं सगळं,” बाई म्हणाल्या. “एक गोटासुद्धा हलला नाही.”

काका म्हणाले, “तू पंख नीट ओढला नसशील.”

मी अंड्यांवर जाऊन बसलो. अजून बसतो, सवयीनं. पाटीही अजून आहे. कधी या बाजूला आलात आणि ती दिसली, तर वाचू नका, चालत राहा.

अंडी चार होती. चारही गार पडली.