चपलांपाशी

महाराष्ट्र झाला, त्याच्या दुसऱ्या नवरात्रातली गोष्ट. अमडापूरहून आमच्या गाड्या दरसाली लोणारले जात, तशा त्याही साली गेल्या. सरोवर खोल खड्ड्यात, अन् कमळजा देवी पार तळाशी, पाण्याजवळ. आमच्या लोकाईची रीत अशी, का देवीले अनवाणीच उतरायचं. मंग वर चपला कोण राखते? वच्छला राखते. वच्छला म्हणजे मी. लहानपणी ताप आला अन् दोन्ही पाय लुळे पडले. तवापासून बसल्या जागचं काम माह्या वाट्याले.

माह्या नावाची ओटी माय भरे. औंदा माय नव्हती. म्या खण, नारळ, तांदूळ फडक्यात बांधले अन् भावाले, भगवंतदादाले म्हणलं, "दादा, आज मले खाली ने. दरसाली तूच म्हणतो, पुढच्या साली पाठीवर नेतो."

"अवं वच्छे, उतार पाह्यला का? धडधाकट माणूस घसरते. दे इकडं, तुही वयनी भरते ओटी."

"वयनीनं तिची भरावी. माही मीच भरीन."

"पुढच्या साली," दादा म्हणला.

तेवढ्यात दोघा गड्याईनं स्वयंपाकाचं सामान खांद्यावर घेतलं. पाण्याचा गुंड, कढई, कणकीचं पोतं. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कणकीचं पोतं खाली जाते, मंग मी काऊन नाही? मले पोत्यात घाला!"

सारे हसले. "वच्छीची जीभ लय तिखट बाप्पा!" म्हणत उतरून गेले.

राह्यली मी एकटी, चपलाईच्या ढिगापाशी. खालून डफड्याचा आवाज येत होता, बायकाईचं हसणं येत होतं. इतकं एकटं मले माय गेली तवाही वाटलं नव्हतं. रडून घेतलं. मंग डोळे पुसले, ओटी कमरेले खोसली अन् बसल्या बसल्या घसरत निघाली. हात सोलले, लुगडं फाटलं. पण पाण्याचा उग्र वास जवळ आला, अन् झाडीतून देवळाची भिंत दिसली. अवं माय, काय आनंद झाला मले!

तेवढ्यात सारे जेवून वर येऊन राह्यले होते. दादा पुढं होता. मले पाहून थबकला.

"वच्छे! चपला कोणापाशी टाकल्या?"

"दादा, ते पाह्य, देऊळ. थोडंच राह्यलं."

"दिवस बुडाले आला. लोकं काय अनवाणी घरी जातीन?"

त्यानं खाली बसून पाठ दिली. म्या त्याच्या गळ्यात हात टाकले. वाटलं, आता देवळाकडं वळते. वळला नाही. उभा चढ, पण मले घेऊन एका दमात चढला, कुठं टेकला नाही.

वर चपला होत्या तिथंच होत्या. ज्यानं त्यानं आपापल्या घातल्या. ओटी माह्या कमरेलेच होती.